थँक्यू म्हणायचं नाही, तर मग काय म्हणायचं?

ताई, माझं वय ७३. सोलापूरला सरकारी दवाखान्यात ३४ वर्षं नर्स होते, इन्चार्ज सिस्टर म्हणून रिटायर झाले. मिस्टर चार वर्षांपूर्वी गेले. गेल्या पावसाळ्यात बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून मुलाकडे निगडीला आहे. वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरते. सून नोकरी सांभाळून माझं सगळं बघते, तिला नाव ठेवायला जागा नाही. पण मला तिच्याकडे पाणी मागायचीसुद्धा लाज वाटते. आयुष्यभर दुसऱ्यांचं केलं. बार्शीकडचे एक पेशंट बरे होऊन गेले, ते पुढे कितीतरी वर्षं थंडीत माझ्यासाठी हुरड्याची पिशवी घेऊन यायचे. आणि आता मला उठता-बसता कुणाचा तरी हात लागतो. मी सारखी थँक्यू म्हणते, तर सून म्हणते, 'आई, परक्यासारखं थँक्यू काय म्हणता!' नातीने वाढदिवसाला एक वही दिली. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. पहिले आठ दिवस बरं वाटलं. आता रोज तेच लिहिते, मुलगा चांगला, सून चांगली, वेळेवर जेवण मिळालं. लिहिताना चीड येते, आणि चीड आली म्हणून स्वतःचाच राग येतो. मुलगी अमेरिकेहून फोन करते. काही सांगायला लागलं की म्हणते, 'आई, पॉझिटिव्ह राहा गं.' मी कृतघ्न आहे का? बाकी ठीक. पहाटे तीनला जाग येते ती परत डोळा लागत नाही, जेवणही जात नाही फारसं. नाव छापू नये.
— एक सिस्टर

सिस्टर,

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी आधी घेते. पहाटे तीनला जाग येते आणि जेवण जात नाही, हे तुम्ही 'बाकी ठीक' म्हणून, जाता जाता लिहिलंय. राऊंड संपताना एखादी पेशंट असं काही पुटपुटली असती, तर तुम्ही ते केसपेपरवर सगळ्यात वर लिहिलं असतं आणि पुढच्या खाटेकडे निघालेल्या डॉक्टरांना मागे बोलावलं असतं. स्वतःच्या बाबतीत मात्र त्याची नोंद 'बाकी'मध्ये?

म्हातारपणातलं नैराश्य पुष्कळदा रडत येत नाही. चिडचिड वाढते, अंग दुखत राहतं, अन्नावरची वासना जाते, पहाटे लवकर जाग येते, पूर्वी आवडायचं त्यात मन लागत नाही. घरचे म्हणतात, वय झालं की स्वभाव असा होतोच. तुमचं तर हाड मोडलं, ऑपरेशन झालं, राहतं गाव सुटलं, आणि मिस्टरांना जाऊन अजून चारच वर्षं झालीत. त्यामुळे याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि झोपेचं, भुकेचं, चिडण्याचं सगळं सांगा. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यावं का ते विचारा. शाकाहारी घरांत आणि वाढत्या वयात बी-१२ कमी होणं नेहमीचं आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर जास्तच. ज्येष्ठांमधलं नैराश्य ओळखायला १५ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली असते, उत्तरं हो-नाहीमध्ये द्यायची. तीही डॉक्टरांकडून भरून घ्या. कधी मनात 'आता जगून काय करायचं' असं आलं, तर ते त्याच दिवशी मुलाला किंवा सुनेला सांगायचं, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

हे सगळं आधी एवढ्यासाठी सांगितलं, की औषधाने बरा होणारा आजार वहीने बरा करायला बसलं की वहीही बदनाम होते आणि माणूस स्वतःला नालायक समजायला लागतं. तुम्ही त्याच वाटेवर आहात असं मला वाटतं.

आता वहीबद्दल.

नातीला नावं ठेवू नका. तिने दिलेल्या वहीमागे थोडाफार आधार आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलॉ या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या प्रयोगात कॉलेजच्या मुलांचे गट पाडले. एका गटाने ज्यांबद्दल कृतज्ञ वाटावं अशा गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. पहिल्या गटातली मुलं जास्त समाधानी निघाली. पुढे स्नायू आणि मज्जातंतूंच्या आजाराने त्रासलेल्या मोठ्या माणसांकडून २१ दिवस असंच लिहून घेतलं, तर त्यांना झोपही जरा बरी लागली. पण त्या पहिल्या प्रयोगात मुलं लिहीत होती ती आठवड्यातून एकदा. सोन्या ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पुढे मुद्दाम तुलना करून पाहिली. सहा आठवडे काहींनी आठवड्यातून एकदा लिहिलं, काहींनी तीनदा. फरक पडला तो एकदा लिहिणाऱ्यांना. तीनदा लिहिणाऱ्यांचं बहुधा तुमच्यासारखंच झालं असावं, लिहिण्याची सवय झाली आणि त्यातला जीव गेला. आपल्याकडे मोबाइलवर मात्र हे 'रोज तीन गोष्टी, आयुष्य बदलेल' असं होऊन पोचलं. त्यानंतर या विषयावर बरेच अभ्यास झाले, त्यांत दिसलेला फायदा खरा आहे, पण बेताचा आहे. आयुष्य बिलकुल बदलत नाही.

म्हणून वही रविवारची करा. आणि 'सून चांगली' असं लिहू नका, ते काही घडलेलं नाही, ते प्रशस्तिपत्रक झालं. घडलेलं लिहा. म्हणजे, मंगळवारी धुतलेला गाऊन दमट राहिला होता, ती ऑफिसातून आली, पर्ससुद्धा खाली न ठेवता तिने तो इस्त्रीने सुकवून दिला. एवढं बारीक आठवायला बसलं की आठवड्यात एखादीच गोष्ट सापडेल. एक पुरे. नाही सापडली तर पान कोरं ठेवा, नात वही तपासायला येणार नाही.

समोरच्या पानावर तक्रारी लिहा. हो, त्याच वहीत. तक्रार केली की कृतज्ञता कमी होते हे कुणी ठरवलं मला माहीत नाही. आपल्या संतांनी विठोबाला धारेवर धरलं, त्याच्याशी कडाकडा भांडले, आणि तरी त्यांच्या भक्तीवर कुणी शंका घेतली नाही. पॉझिटिव्ह राहण्याच्या नादात आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा तक्रार करायचा हक्कच काढून घेतलाय. मग दुखणं अंगावर काढलं जातं, दात हलतोय ते सांगितलं जात नाही, ऐकू येत नाही ते लपवलं जातं, आणि बाहेर सगळे म्हणतात, आजी किती समाधानी आहेत!

तक्रारी लिहिल्यात की दिसेल, त्यातल्या निम्म्याअधिक दुरुस्त होण्यासारख्या असतात. पाणी मागायची लाज वाटते ना? मग उशाशी एका हाताने उघडेल अशी बाटली असली पाहिजे, सकाळी एकदाच भरून ठेवलेली. कमोडशेजारी आणि न्हाणीत भिंतीला धरायचे दांडे बसवलेत का? बसवले नसतील तर वॉकर असून नसून सारखाच. रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंत मिणमिणता का होईना, दिवा हवा. पायात पकड असलेली चप्पल हवी. आणि ऑपरेशनला एवढे महिने झाल्यावर अजून 'घरातल्या घरात' का? हाड जुळलं तरी पडण्याची भीती तशीच राहिली असेल तर माणूस पाऊल टाकत नाही, पाऊल टाकत नाही म्हणून पायातली ताकद जाते, आणि ताकद गेली की पुन्हा पडायला होतं. हे मी तुम्हाला काय सांगणार, तुम्ही कितीतरी जणांना ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी दटावून उभं केलं असेल. हाडांच्या डॉक्टरांना दाखवून फिजिओथेरपिस्ट पुन्हा सुरू करा. स्वतःच्या पायाने खालच्या बाकापर्यंत गेलात तर मनाला जे बरं वाटेल ते वहीतल्या पन्नास पानांनी वाटणार नाही.

तरी कुणाचा तरी हात लागणारच. अंघोळीला लागेल, जिन्यावर लागेल, पुढे आणखी कशाकशाला लागेल. तिथे दांडे आणि बाटल्या पुऱ्या पडत नाहीत. तिथे तुम्हाला छळतंय ते मिंधेपण. प्रत्येक पाण्याच्या पेल्यामागे तुम्ही मनात एक आकडा मांडता, आणि तो फेडता येत नाही म्हणून सुनेसमोर आल्यावर अवघडता. मदत उधारीसारखी वाटायला लागली की ती देणाऱ्या माणसाला टाळावंसं वाटतं. तीच मदत माया म्हणून घेता आली की माणूस जवळचं वाटतं. तुम्ही सुनेला टाळायला लागलाय का, ते जरा बघा. ती ऑफिसातून यायच्या वेळी डोळे मिटून पडून राहणं, भूक असून 'आत्ता नको' म्हणणं, असं काही?

आता बार्शीच्या त्या पेशंटबद्दल. त्यांना तुम्ही बेडपॅन दिलं असेल, स्पंज केला असेल, रात्री-अपरात्री त्यांची सलाईन बदलली असेल. तेव्हा ते तुम्हाला ओझं वाटले होते का? एखाद्या नाइट ड्यूटीला वाटलेही असतील, माणूस दमतं. पण दर थंडीत हुरडा घेऊन ते दारात उभे राहायचे, तेव्हा ते उपकार फेडायला आले होते असं तुमच्या मनात तरी आलं का? फेडायचेच असते तर एका पिशवीत भागलं असतं, वर्षानुवर्षं कोण येतं! तुम्हाला त्या हुरड्याने जे मिळालं, ते सुनेला मिळू द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे. तुम्ही तिच्यापुढे चोरून वागत राहिलात तर तिला काय मिळतं? दिवसाला वीस थँक्यू, आणि प्रत्येकात 'माफ कर, मी अजून आहे' असा सूर. मला तिचं म्हणणं पटतं. असं थँक्यू परक्यासारखंच लागतं.

मात्र ती म्हणते म्हणून गप्पही बसू नका. 'घरच्यांना काय सांगायचं, न बोलता कळतं' या आपल्याकडच्या समजुतीवर माझा अजिबात विश्वास नाही. आपल्या घरांतून बायकांनी पिढ्यान्पिढ्या पोळ्या लाटल्या आणि 'आज पोळ्या मऊ झाल्यात' एवढं ऐकायला कान तरसले. न बोलता कळतं ही सोय घेणाऱ्याची असते, देणाऱ्याला ती फारशी उपयोगी पडत नाही. तेव्हा बोला, पण थँक्यू सोडून आपल्या भाषेत बोला. 'आमटी झकास जमलीय गं, अजून एक वाटी दे.' 'आज मीटिंग होती ना तुझी, दमली असशील, बस दोन मिनिटं.' 'काल तू केस विंचरून दिलेस, रात्री डोकं हलकं वाटलं.' दिवसातून एकदा, नजरेला नजर देऊन. जेवण जात नसताना 'अजून एक वाटी दे' म्हणायचं खोटं नाटक करा असं मी म्हणत नाहीये. म्हणून तर डॉक्टर आधी.

याहून मोठं एक काम सांगते. सुनेच्या आईला फोन लावा. विहीणबाईंना सांगा, तुमच्या मुलीने माझं काय काय केलं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री कोण जागलं, डबा कोण आणत होतं, सुट्ट्या कोणी टाकल्या. आपल्याकडे विहिणीचा फोन आला की आधी छातीत धस्स होतं, आता काय ऐकावं लागतंय म्हणून. असा फोन फार थोड्या बायकांना येतो. तो संध्याकाळपर्यंत सुनेच्या कानावर जाईलच, त्याची काळजी करू नका. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या एका अभ्यासात असंच काहीसं होतं. ज्याचे आभार मानायचे राहून गेले अशा माणसाला पत्र लिहायचं आणि आठवड्याभरात स्वतः जाऊन द्यायचं. त्यात तपासलेल्या सगळ्या उपायांत सुरुवातीचा सगळ्यात मोठा फरक याचा होता. तो महिनाभर टिकला, पुढे ओसरला. ओसरणारच. म्हणून विहीणबाईंनंतर आणखी कुणी शोधून ठेवा. वॉर्डात तुमच्या हाताखाली ज्या मावशी होत्या, ज्यांच्यावाचून तुमची एकही ड्यूटी पार पडली नसती, त्यांना कुणी कधी फोन केलाय का?

मुलीचं काय करायचं? ती 'पॉझिटिव्ह राहा' म्हणते, कारण सात समुद्रापलीकडून तिला दुसरं काही करता येत नाही आणि आई रडवेली झाली की तिला ते सोसत नाही. तिला सरळ सांगा, 'पहिली दहा मिनिटं नुसतं ऐक, उपाय सांगू नकोस. मग तू तुझं सांग, तेव्हा मी ऐकते.' बहुतेक मुलींना हे जमतं, फक्त कुणीतरी सांगायला हवं. आणि सकाळी सकाळी फोनवर येणारी गुलाबाची फुलं, उगवता सूर्य आणि 'वय हा फक्त आकडा आहे' वगैरे खुशाल पुसून टाका. वय हा नुसता आकडा असता तर दरवर्षी नोव्हेंबरात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायला लागला नसता.

पेन्शनीवरून आठवलं. तुम्ही पैसे पुढे केले तर मुलगा 'आई, तुझे पैसे नकोत' म्हणत असणार. त्याच्याशी वाद घालत बसू नका. सुनेला एकटीला गाठून विचारा, रविवारी सकाळी स्वयंपाकाला बाई लावली तर तिला चालेल का, पैसे तुम्ही देणार. विचारा मात्र नक्की, स्वयंपाकघर तिचं आहे, परस्पर बाई आणून उभी केलीत तर प्रेमाचंही भांडण होईल. तिला बाई नको असेल तर तिला काय हवंय ते विचारा. कदाचित तिला दोन दिवस माहेरी जायचं असेल आणि तुमच्याजवळ कोण थांबणार म्हणून ती गेली नसेल. मग त्या दोन दिवसांसाठी ब्यूरोतून मदतनीस बाई बोलवा. अनोळखी बाईच्या हातून अंघोळ घालून घ्यायला तुम्हाला आवडणार नाही हे मला कळतं. तरी बोलवा.

पण तुमच्या मनाला खाणारी गोष्ट पैशाची नाही, 'आता माझा उपयोग काय' ही आहे. त्याबद्दल एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात ऑक्सफर्ड नावाचं लहान गाव आहे. तिथल्या पन्नाशी ओलांडलेल्या ६६० लोकांना १९७५ मध्ये स्वतःच्या म्हातारपणाबद्दल काही विधानं दिली होती. 'वय वाढतं तसा आपला उपयोग कमी होतो' हे त्यांतलं एक, पटतं का ते सांगायचं. म्हातारपणावर संशोधन करणाऱ्या बेका लेव्ही यांनी २००२ मध्ये ती माहिती पुन्हा तपासली. म्हातारपणाकडे बऱ्या नजरेने पाहणारे लोक इतरांपेक्षा साडेसात वर्षं जास्त जगले होते. नुसत्या विचाराने आयुष्य वाढतं असं यातून सिद्ध होत नाही, दुसरीही कारणं असू शकतात. मला त्यातला प्रश्न महत्त्वाचा वाटतो. त्यांना कुणी 'तुम्ही रोज आनंदी असता का' एवढंच विचारलं नव्हतं. विचारलं ते उपयोगाबद्दलही होतं.

आणि तुमच्या सोसायटीत तुमच्यासारखं उपयोगी माणूस दुसरं नसेल! खालच्या मजल्यावरच्या कुणाला इन्सुलिनचं पेन नीट टोचता येत नसणार, रोज त्याच जागी टोचून गाठ आली असणार. कुणाला चिठ्ठीवरची जेवणाआधीची गोळी कोणती आणि नंतरची कोणती ते कळत नसणार. संध्याकाळी तासभर बीपीचं मशीन घेऊन बाकावर बसा, मग बघा रांग. डोस बदलण्याच्या भानगडीत तुम्ही पडणार नाही हे सांगायला नको. पिंपरी-चिंचवडमध्ये ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रंही आहेत, जवळ एखादं असेल तर मुलाला घेऊन एकदा डोकावून या. तिथे जाऊन टाळ्या वाजवत हसलंच पाहिजे असं मात्र नाही, पुष्कळांना ते आवडतं, मला विचाराल तर अवघडल्यासारखं होतं. नाही रमलं तर परत या. उतारवयात माणसं ओळखीपाळखी कमी करून चार जवळच्या माणसांत राहायला लागतात, त्यात खंत करण्यासारखं काही नाही.

मिस्टरांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत आणि सोलापूरच्या घराबद्दल तीही नाही. ते बंद आहे, विकलंय की भाड्याने दिलंय? मुलाने कितीही चांगलं ठेवलं तरी आपला ओटा, आपली शेजारीण, आपली भाजीवाली आठवणार. आठवलं की रडा. निगडीतल्या घराबद्दल कृतज्ञ असायला सोलापूर विसरायची अट नाही. नातीला जवळ घेऊन आजोबांबद्दल सांगा, ती वही देणारी पोर आहे, ऐकेल.

ता. क. वॉकरच्या पायांची रबरी बुचं आजच तपासा. झिजली असतील तर सर्जिकलच्या दुकानात नवी मिळतात. आणि बी-१२ चा रिपोर्ट आला की आकडा कळवा.